नव्वद फुटांवरून बोडी

८ फेब्रुवारी २०२३, बुधवार

आज पहिल्यांदा बायांच्या बोडीत उतरले. या करमणुकीच्या पार्कात इंजिनीअर म्हणून नोकरीला लागून चार महिने झाले. इथल्या प्रत्येक भिंतीची लांबी मला पाठ आहे, पण पाण्यात पाय घातला नव्हता. दारात बसलेल्या पंचफुलाबाई म्हणाल्या, "मॅडम, तुमी निस्ता टेपच लावता का? एखाद्या दिवशी आंगालेही पानी लावा."

बोडी म्हणजे शेतातली बोडी, लहान तळं, नव्हे. निळ्या फरश्यांचा, छातीइतक्या पाण्याचा हौद आहे. आधी तो लहान मुलांसाठी होता. घसरगुंड्या झाल्यावर इकडे कोणी फिरकेना, तेव्हा पंचफुलाबाईंनी तो पार्कच्या मालकांकडे, शेठजींकडे मागून घेतला. बुधवारी अकरा ते दोन, फक्त बाया. आठ फुटी भिंत, एकच दार. पंचफुलाबाई बाकी सहा दिवस संडास धुतात. बुधवारी खुर्ची टाकून दारात बसतात आणि शेठजींनाही आत सोडत नाहीत. सानगडीच्या, साकोलीच्या बाया एसटीने येतात, कधी लाखांदूरकडच्याही. बोडी हे नाव त्यांनीच पाडलं. नकाशात तिला 'टाकी क्र. २' म्हणतात.

सानगडीच्या सुलोचनाबाई पाठीवर तरंगत होत्या, साठीच्या बाई, केस मोकळे. म्हणाल्या, "इथं आपल्याले वरतून देवच पायते फक्त." पंचफुलाबाई दारातून म्हणाल्या, "तुले तुझा देव पायते. माझ्यावर तर कोनीच नाही पायाले, मी मोकळी." सगळ्या हसल्या. मीही हसले, नाकात पाणी गेलं.

खोलीवर आल्यावर लक्षात आलं, रविवारपासून मी एवढं कोणाशी बोललेच नव्हते.

१३ फेब्रुवारी, सोमवार

हेमराजशेठनी केबिनमध्ये बोलावलं. नवा टॉवर येतोय. नव्वद फूट उंच, चारही बाजूंना चार-चार अशा सोळा सीटा. माणसांना हळूहळू वर न्यायचं, क्षणभर थांबवायचं आणि एकदम खाली सोडायचं. कंत्राटदाराने तो पार्किंगजवळ दाखवला आहे, पण तिथे पुढे सागाची रांग आहे आणि जुना आकाशपाळणा आहे. रस्त्यावरून जेमतेम शेंडा दिसेल.

शेठजींचे वडील मोहाडीला हातमागावर लुगडी विणायचे. शेठजी बोलतातही माल दाखवल्यासारखं. म्हणाले, "गाडीत बसलेल्या पोराने 'बाबा, ते काय' म्हटलं पाहिजे. तेवढं झालं की गाडी वळलीच समजा. जागा तुम्ही शोधा, मॅडम."

जागा मी शोधायची! मी ठरवलंय, आहे त्या खेळांचं काहीही बिघडू द्यायचं नाही. पाळण्यात वर गेलं की तलाव आणि पलीकडच्या धानाच्या बांध्या दिसतात, ते झाकता कामा नये. आगगाडीवर दुपारी सावली पडते ती राहू द्यायची. रात्रीपर्यंत तक्ता केला: पाळणा, आगगाडी, होड्या, घसरगुंड्या, उपाहारगृह. प्रत्येकापुढे काय दिसतं, काय झाकलं जाईल. पाच रकाने. कॉलेजात एवढं मन लावून काही केलं नव्हतं.

१५ फेब्रुवारी, बुधवार

वारा पडला होता म्हणून आजच फुग्याची चाचणी घेतली. पद्धत सोपी आहे. गॅसचा मोठा लाल फुगा नव्वद फूट दोरीवर सोडायचा आणि तो कुठून कुठून दिसतो ते फिरून पाहायचं. दोरी इश्वरने धरली. तो इथला फिटर, कामात पक्का, पण तोंडातून शब्द निघत नाही. मी स्कूटीवर पुलापासून ढाब्यापर्यंत चार चकरा मारल्या.

पहिल्या दोन जागा बाद. तिसरी पूर्वेच्या कोपऱ्यात, टाकी क्र. २ च्या भिंतीला लागून. तिथून फुगा हायवेवर सलग दीड किलोमीटर दिसला! पाळण्यातून तलाव मोकळा राहतो, आगगाडीची सावली शाबूत. तक्त्यातल्या पाचही रकान्यांत मी हिरवी खूण केली.

यात बोडीची वेळ टळली. परत आले तर बाया ओल्या केसांनी बाहेर पडत होत्या. सुलोचनाबाईंनी विचारलं, "मॅडम, तो लाल फुगा तुमचा होता का? आमच्या डोक्यावरच उभा होता. आमी हात केला त्याले."

मी वहीत लिहून घेतलं: 'तेथूनही स्पष्ट दिसतो.'

२० फेब्रुवारी, सोमवार

जागा मंजूर झाली. नकाशाच्या खालच्या चौकटीत माझं नाव टाइप झालं. हेमराजशेठनी कंत्राटदारासमोर म्हटलं, "हे आमच्या मॅडमनी शोधलं." बाबांना चिखल्याला फोन केला. ते खाणीतून पहिल्या पाळीवरून नुकतेच आले होते. नकाशा म्हणजे काय हे त्यांना माहीत आहे, खाणीतही असतो. त्यांनी विचारलं, "नाव पुरं लिवलं का? माझं नाव मधात हाये?" आहे म्हटलं. मग म्हणाले, जेवून घे.

जेवले. उपाहारगृह बंद झालं होतं, सकाळचा भात होता. आनंदाची बातमी सांगायला इथे कोणी असतं तर बरं झालं असतं. पहारेकऱ्याला सांगितली. तो म्हणाला, हो का.

१ मार्च, बुधवार

खोदकाम सुरू. पाया भिंतीपासून अठरा फुटांवर आहे. दिवसभर धूळ, म्हणून आज बोडी बंद ठेवायला लावली. बायांना गेटवरूनच परत पाठवलं. मला वाईट वाटलं, पण काम संपलं की सगळं पूर्ववत होईल, असं पंचफुलाबाईंना समजावलं. त्यांनी खड्ड्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं.

मार्चभर असंच चालणार. मी इथल्या कोणाची मैत्रीण नाही, हे मला आता कळू लागलं आहे. मजूर 'मॅडम' म्हणून बाजूला होतात. ऑफिसातले तिघे एकत्र डबा खातात. मी गेले की क्रिकेटचं बोलणं थांबवून नीट बसतात. बुधवारीच काय ते मला कोणी 'अवं' म्हणायचं.

५ एप्रिल, बुधवार

टॉवर साठ फूट चढला. बोडी पुन्हा सुरू झाली. सातच बाया आल्या. पूर्वी तीस-पस्तीस असायच्या. कारणं मी अशी काढली: मुलांच्या परीक्षा, लग्नसराई, ऊन. पुढच्या बुधवारपासून वाढतील.

आज मजा आली नाही. सुलोचनाबाई लुगड्यासकट, डोक्यावर पदर घेऊन पाण्यात नुसत्या उभ्या होत्या. कोणी तरंगलं नाही. सगळ्या एका भिंतीला लागून, टॉवरच्या बाजूच्या. बहुतेक सावलीसाठी. मी मधोमध एकटीच हातपाय मारत राहिले.

इश्वर वर बोल्ट आवळत होता. बाहेर आल्यावर मी त्याला खालून हाक मारली, मोजमाप विचारायचं होतं. त्याने मानही वळवली नाही, हायवेकडे तोंड करून नुसता हात हलवला. दिवसभर तसाच पाठ करून काम करत होता. बाईकडून हुकूम घ्यायचा म्हणजे काहींना जड जातं. चालायचंच.

१२ एप्रिल, बुधवार

एकही बाई आली नाही.

मी कपडे बदलून आले तर पंचफुलाबाई खुर्ची उचलून आत ठेवत होत्या. मी म्हटलं, अजून पावणेबाराच वाजलेत. त्या म्हणाल्या, "कायले बसू? कोनाले अडवू?"

मी परीक्षा, लग्नं वगैरे सांगू लागले. त्यांनी ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, तुमी शिकल्या-सवरल्या. तुमाले खरंच नाई समजत, का समजून नाई समजत? मी दारात बसते. आता तुमच्या टॉवरच्या दारात कोन बसन?"

त्यांनी पुढे सांगितलं, शेठजींनी त्यांना सोमवारीच विचारलं की बाया येत नसतील तर पाणी कशाला भरायचं. मे महिन्यापासून बोडी बंद. पंचफुलाबाई आठवड्याचे सातही दिवस संडासावर.

१३ एप्रिल, गुरुवार

सकाळी पट्टा बांधून टॉवरच्या शिडीने वर गेले. नव्वद फुटांवर फळीवर उभी राहिले. इतके दिवस मी रस्त्यावर उभी राहून इथे पाहत होते. इथे उभं राहून खाली पाहिलंच नव्हतं.

बोडी ताटासारखी उघडी आहे. पाण्याच्या तळाची फुटकी फरशी दिसते. कपडे बदलायच्या आडोशाला छत नाही. तिथल्या खुंट्या मोजता येतात, अकरा आहेत. भिंत आठ फूट आहे हे वरून कळतही नाही. ती नुसती एक रेघ आहे.

फुग्यातून पाहता येत नाही, म्हणून मला ते सुचलं नाही. पण सुलोचनाबाईंनी हात केला होता. त्यांना फुगा दिसला, मी ते फायद्याच्या बाजूला लिहून घेतलं.

आणि तक्त्यात बोडी नाहीच. टाकी क्र. २ ही बघण्याची जागा नाही, खेळ नाही, म्हणून तिला रकाना नाही. मी स्वतः तिथे पोहून आले आणि पाच दिवसांनी तक्ता करायला बसले तेव्हा नकाशात होतं तेच नाव वाचलं. कंत्राटदाराच्या जागेवर टॉवर राहिला असता तर मध्ये साग होता, पाळणा होता; पाळण्यातून बोडी दिसत नाही, तशीच तिथूनही दिसली नसती. तो इकडे मी आणला.

खाली उतरताना इश्वर शिडी धरून उभा होता. तोंड हायवेकडे. त्या क्षणी मला कळलं की तो वर का पाठ करून असायचा. मी त्याच्याविषयी इथेच काय लिहिलं आहे ते पुन्हा वाचायची हिंमत नाही.

१४ एप्रिल, शुक्रवार

आज जयंती. सुट्टी मिळाली नाही, उन्हाळ्याची तयारी आहे. घरी सगळे मिरवणुकीत असतील. बाबांचा फोन आला, मागे ढोल वाजत होता. मी सगळं सांगितलं. वाटलं होतं, म्हणतील, नोकरी सांभाळ.

ते म्हणाले, "आमी खाली एकमेकाशी बोलतो ना, तवा मान वळवून बोलतो. समोर पायलं तर टोपीवरचा दिवा त्याच्या डोळ्यात जाते. नवीन पोराले हे कोनी सांगत नाही. चार-सहा शिव्या खाते, मंग समजते." मग ढोलाच्या आवाजात विचारलं, "तुले शिव्या देल्या का कोनी?"

नाही म्हटलं.

"मंग जड जाईन तुले," म्हणाले.

१७ एप्रिल, सोमवार

हेमराजशेठना सांगितलं. चूक माझी आहे, नकाशावर नाव माझं आहे, हेही सांगितलं. मी दोन उपाय लिहून नेले होते: बुधवारी तीन तास टॉवर बंद ठेवायचा, किंवा बोडीकडच्या बाजूच्या चार सीटा काढून तिथे उंच पत्रा लावायचा. आणि शिडीवर बुधवारी कोणी चढायचं नाही.

ते रागावले नाहीत, त्यानेच मी गडबडले. म्हणाले, उन्हाळ्याच्या सुट्टीत एक तासही बंद ठेवता येणार नाही. बोडीवरच पत्रे टाका. मी म्हटलं, पत्र्याखाली अंधार होईल, वाफ होईल, बाया उघड्या आभाळासाठी येतात. ते म्हणाले, "मॅडम, एवढ्या वरून मुंगीएवढं माणूस दिसते. त्या वेळी जीव मुठीत धरून बसलेला माणूस खाली कायले पायते? तुम्ही मनाचं घेऊन राहिल्या." मग म्हणाले, असेल तर फोटो काढून दाखवा. किती दिसतं ते पाहू.

रिकाम्या बोडीचा फोटो दाखवला तर ते म्हणतील, पाणी तर आहे नुसतं. आणि बायांचा फोटो? तो काढला तर मग राहिलंच काय.

२६ एप्रिल, बुधवार

वाळूची पोती बसवून टॉवरच्या चाचण्या झाल्या होत्या. आज शेठजी स्वतः बसून पाहणार होते. मी इश्वरला सांगितलं, त्यांना बोडीकडच्या सीटवर बसव आणि वर गेल्यावर दोन मिनिटं थांबव. इश्वरने विचारलं, "अन् तुमी?" मी म्हटलं, मी खाली बोडीत आहे.

पंचफुलाबाईंना वाटलं मी गंमत करते. मी त्यांना म्हटलं, तुम्हीही या. त्या दारात उभ्या राहून बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. म्हणाल्या, "मी नाई येत, पोरी. तुले जायाचं तर जाय. मी दार धरते." पहिल्यांदा त्यांनी मला पोरी म्हटलं.

मी निळा सलवार-कुर्ता घालून उतरले. नेहमीचाच. पाणी सकाळच्या उन्हाने वरवर कोमट, खाली थंड. मधोमध गेले. सुलोचनाबाईंसारखं पाठीवर पडायचं ठरवलं होतं, तसं पडले. केसही सोडले होते. कान पाण्यात गेले की बाहेरचा आवाज बंद होतो. मोटर सुरू झालेली ऐकू आली नाही, नुसती दिसली. सीटांचं कडं वर सरकत गेलं. भिंतीच्या वर डोकं आलं, मग माणूस, मग बूट.

शेठजी एकटेच बसले होते. पांढरा शर्ट. मला त्यांच्या हातातलं घड्याळ चमकताना दिसलं. त्यांना मी मुंगीएवढी दिसत असेन तर मला घड्याळ कसं दिसलं असतं? त्यांनी आधी हायवेकडे पाहिलं, मान वळवून तलावाकडे पाहिलं. मग खाली. मी हात केला नाही, उठलेही नाही. दोन मिनिटं केवढी असतात. अंगावरचा कुर्ता पाण्याने फुगून वर येत होता, तो मी हाताने खाली दाबत राहिले. शिकले, इंजिनीअर झाले, चार लोकांत उभी राहून बोलते. त्यातलं काहीही त्या पाण्यात माझ्या अंगावर नव्हतं.

मग त्यांनी तोंड फिरवलं. डोळ्यांवर हात धरला, ऊन लागल्यासारखा. दोन मिनिटं पुरी व्हायच्या आधीच ते खाली आले. इश्वरने आणलं, की त्यांनीच सांगितलं, माहीत नाही.

कपडे बदलून गेले तोपर्यंत गाडीत बसून निघाले होते. इश्वर म्हणाला, "चार सीटा काढा म्हणाले. पत्रा लावा म्हणाले." अजून काही म्हणाले का, विचारलं. इश्वर जमिनीकडे पाहत म्हणाला, नाही.

२९ एप्रिल, शनिवार

चार सीटा निघाल्या. त्या जागी साडेसहा फूट उंच पत्रा, दोन्ही कडांना बाहेर आलेले पंख, म्हणजे बाजूच्या सीटवरूनही मान वळवून दिसू नये. मी पुन्हा वर जाऊन प्रत्येक सीटवर बसून पाहिलं. बोडी दिसत नाही. शिडीला कुलूप लावलं, बुधवारची किल्ली पंचफुलाबाईंकडे.

बोडीला एक महिना दिला आहे. तोवर बाया आल्या तर चालू, नाहीतर बंद. हे मला हिशेबनीसाने सांगितलं. शेठजी तीन दिवस माझ्याशी बोललेले नाहीत. समोर आले तरी फाईलकडे पाहतात. फार रागावले असावेत. माझी नोकरी कायम व्हायची होती, त्याचाही विषय कोणी काढत नाही.

३ मे, बुधवार

परवा उद्‌घाटन झालं. टॉवरपुढे रांग गेटपर्यंत होती. गाड्या खरंच वळतात. वरून किंकाळ्या येतात.

बोडीत कोणी नाही. मी रविवारी सानगडीला सुलोचनाबाईंच्या घरी जाऊन आले होते, कागदावर पत्र्याचं चित्र काढून समजावलं होतं. त्यांनी चहा दिला, चित्र नीट पाहिलं. म्हणाल्या, "तू सांगतेस म्हणजे खरंच असन. पन बाया मले विचारतीन, तुले कोनी सांगतलं? मी म्हनीन, मॅडमनं. त्या म्हनतीन, टॉवर कोनं आनला?"

एसटीत परत येताना सगळ्या रस्त्याला टॉवर दिसत होता. जागा चांगलीच निवडली होती मी.

१० मे, बुधवार

कागदाने होणार नाही हे कळलं. टॉवर चालू असताना खाली एक बाई निवांत आहे, हे कोणाला तरी दिसलं पाहिजे. म्हणून रजा टाकली आणि अकराच्या ठोक्याला पाण्यात उतरले. आता दर बुधवारी उतरणार आहे. महिना संपेपर्यंत तीन बुधवार उरतात.

पहिला तास मी आणि पाणी. दर सहा मिनिटांनी कडं वर जायचं, भिंतीवर पत्र्याची पाठ यायची, वर माणसं ओरडायची, कडं खाली पडायचं. दर वेळी माझा हात आपोआप कुर्त्याकडे जायचा. मोजून सांगते, आठव्या वेळेपर्यंत जात होता. मी स्वतः त्या प्रत्येक सीटवर बसून आले आहे, तरी जात होता. मग बायांना मी काय समजावणार होते?

नवव्या वेळी नाही गेला.

सव्वाबाराला दारात पंचफुलाबाईंचा आवाज आला, कोणाला तरी चपला काढायला सांगत होत्या. एक अनोळखी बाई आत आली. तिशीची असेल, हातात कापडाची पिशवी. ती पाण्याकडे आली नाही. भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि टॉवरकडे पाहत राहिली. एक फेरी पूर्ण पाहिली. दुसरी पाहिली. तिसऱ्या वेळी कडं वर थांबलं असताना तिने पत्र्यावरून नजर काढून माझ्याकडे पाहिलं.

पंखांचा कोन, पत्र्याची उंची, सगळं जिभेवर आलं होतं. ते गिळलं आणि पाठीवर पडून राहिले.

ती कडेला येऊन बसली. पिशवी मांडीवरच होती. पाय पाण्यात सोडले, घोट्यापर्यंत.

"एकटीच हायेस का?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं.

"थंड हाये का पानी?"

"खाली थंड आहे," मी म्हटलं.